मेंडोटा: दुधाच्या राज्यातलं हिरवं पाणी

तुमचा मुलगा, भाची किंवा मैत्रीण अमेरिकेत शिकागोच्या आसपास राहत असेल, तर तिकडच्या सहलीची यादी बहुधा आधीच ठरलेली असते. शिकागोच्या उंच इमारती, लेक मिशिगन, नायगारा, थोडी खरेदी आणि परत. या यादीत दोन दिवस मोकळे ठेवा आणि शिकागोहून वायव्येला निघा. रस्त्याने सुमारे २३५ किलोमीटर, म्हणजे अडीच-तीन तासांत तुम्ही विस्कॉन्सिन राज्याच्या राजधानीत, मॅडिसनमध्ये पोहोचता.

शहर छोटं आहे. २०२०च्या जनगणनेत इथली लोकसंख्या २ लाख ७० हजारांच्या आसपास होती. पण पाहण्यासारखं खूप आहे: तळी, विद्यापीठ, शनिवारचा बाजार, चीज आणि आईस्क्रीम. इथलं सगळ्यात मोठं तळं म्हणजे लेक मेंडोटा. उन्हाळ्यात गेलात तर ते निळंशार दिसेल, किंवा कोणीतरी हिरवा ऑइलपेंट ओतल्यासारखं दिसेल. दोन्ही रूपं खरी आहेत. दुसऱ्या रूपाचा संबंध तुमच्या हातातल्या आईस्क्रीमच्या कोनाशी कसा आहे, तेही या सहलीत समजून घेता येतं.

दोन तळ्यांच्या मधलं शहर

मॅडिसनचा नकाशा पाहिलात तर गंमत वाटेल. मेंडोटा आणि मोनोना या दोन तळ्यांच्या मधे जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे आणि शहराचा मध्यभाग नेमका त्या पट्टीवर वसलेला आहे. मधोमध विस्कॉन्सिनचं विधानभवन. त्याचा पांढरा घुमट जवळजवळ कुठूनही दिसतो, कारण आसपासच्या इमारती त्याला झाकतील इतक्या उंच बांधायला कायद्यानेच बंदी आहे. घुमटाभोवतीच्या सज्जात उभं राहिलं की एका बाजूला मेंडोटा, दुसऱ्या बाजूला मोनोना.

या तळ्यांना जोडणारी नदी म्हणजे याहारा. ती उत्तरेकडच्या शेतांतून येते, मेंडोटात शिरते, तिथून मोनोना, वाबीसा आणि केगोन्सा अशी एकामागून एक तळी ओलांडत पुढे जाते. इथल्या मूळ रहिवाशांनी, हो-चंक लोकांनी, या परिसराला ‘डेजोप’ म्हणजे चार तळी असंच नाव दिलं होतं. तळ्यांच्या काठांवर त्यांच्या पूर्वजांनी पक्ष्यांच्या आणि प्राण्यांच्या आकारात रचलेले मातीचे उंचवटे आजही दिसतात.

शनिवारी सकाळी विधानभवनाच्या चौकात शेतकरी बाजार भरतो. १९७२ पासून चालू असलेल्या या बाजाराचा नियम असा, की ज्याने पिकवलं किंवा बनवलं त्यानेच विकायचं. गर्दी चौकाभोवती एकाच दिशेने फिरते आणि ती दिशा घड्याळाच्या उलट आहे, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्या अगदी विरुद्ध. पहिल्यांदा जाणारी मराठी माणसं हमखास समोरून येणाऱ्यांच्या अंगावर जातात! इथे ‘चीज कर्ड्स’ नक्की घ्या. ताजे असले की दातांखाली रबरासारखे करकर वाजतात. मुलांना तो आवाज फार आवडतो.

गहू गेला, गाय आली

विस्कॉन्सिनच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर ‘अमेरिकाज डेअरीलँड’ असं लिहिलेलं असतं. राज्यात १२ ते १३ लाख दुभत्या गायी आहेत आणि अमेरिकेत बनणाऱ्या चीजपैकी साधारण पाव हिस्सा इथेच बनतो.

पण हे राज्य पहिल्यापासून दुधाचं नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इथे गव्हाचं पीक मोठं होतं. तोच तो गहू घेऊन जमीन थकली, किडीने पीक खाल्लं आणि शेतकरी अडचणीत आले. त्या काळात विल्यम होर्ड नावाच्या पत्रकाराने ‘गायी पाळा’ हा धोशा लावला. १८८५ मध्ये त्यांनी डेअरीसाठी खास नियतकालिक सुरू केलं आणि पुढे ते राज्याचे गव्हर्नरही झाले. गायीचं शेण शेतात पडलं की थकलेली जमीन पुन्हा उभी राहते, हा त्यांच्या प्रचारातला एक मुद्दा होता. पुढची गोष्ट वाचताना हा मुद्दा लक्षात ठेवा.

१८९० मध्ये इथल्या विद्यापीठात स्टीफन बॅबकॉक यांनी दुधातलं फॅट मोजायची सोपी चाचणी शोधली. त्याआधी दुधात पाणी घालणारा आणि न घालणारा, दोघांनाही सारखाच भाव मिळायचा. आपल्याकडे दूध डेअरीवर ‘फॅट किती लागलं’ असं विचारतात ना, त्या प्रश्नाचं मूळ इथल्या प्रयोगशाळेत आहे. त्यांच्याच नावाच्या बॅबकॉक डेअरीचं आईस्क्रीम विद्यापीठात मिळतं. ते घेऊन मेमोरियल युनियनच्या टेरेसवर या. पिवळ्या, हिरव्या आणि केशरी रंगाच्या सूर्यकिरणांच्या नक्षीच्या खुर्च्या मांडलेल्या असतात आणि समोर मेंडोटा पसरलेलं असतं. संध्याकाळी अर्धं शहर इथे लोटतं.

पाणी हिरवं होतं तेव्हा

मेंडोटाचं क्षेत्रफळ सुमारे ४० चौरस किलोमीटर आहे आणि सगळ्यात खोल जागी ते २५ मीटर खोल आहे. एवढं मोठं तळं हिरवं कसं होईल, असं वाटतं. पण जुलै-ऑगस्टमध्ये ऊन तापलं, वारा पडला की एखाद्या सकाळी काठाशी वेगळंच दृश्य दिसतं. दुधावर साय धरावी तसा पाण्यावर हिरवा थर. कधी त्यात निळसर, पांढरट रेघा. वास सडक्या गवताचा, कधी उकिरड्यासारखा. पोहायच्या जागी सूचनेचा फलक लागतो: पाण्यात उतरू नका. शहराचं आरोग्य खातं उन्हाळाभर काठांवरचं पाणी तपासतं आणि गरज पडली की पोहणं बंद करतं.

हे निळं-हिरवं शेवाळ. खरं तर हे शेवाळ नाही, सायनोबॅक्टेरिया नावाचे जीवाणू आहेत. उन्हावर अन्न तयार करतात म्हणून शेवाळासारखे दिसतात, इतकंच. ते वाईटच असतात असंही नाही. पृथ्वीच्या हवेत पहिल्यांदा ऑक्सिजन भरला तो याच कुळाने आणि औषधांच्या दुकानात मिळणारी स्पिरुलिना याच कुळातली आहे. पण यांच्यातल्या काही जाती विष तयार करतात. मायक्रोसिस्टिन यकृतावर परिणाम करतं, अनाटॉक्सिन मज्जासंस्थेवर. अंगाला खाज, उलट्या, जुलाब असे त्रास होऊ शकतात. सगळ्यात जास्त धोका लहान मुलांना आणि कुत्र्यांना. मुलं पाणी गिळतात आणि कुत्री बाहेर आल्यावर अंग चाटतात. अमेरिकेत वेगवेगळ्या तळ्यांवर अशी कुत्री दगावल्याच्या नोंदी आहेत.

थर मेला की दुसरं संकट. तो कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे गुदमरतात.

कोणत्या खताने हे पीक येतं?

शेवाळाला वाढायला ऊन, ऊब, नायट्रोजन, फॉस्फरस असं बरंच काही लागतं. मग दोष कशाला द्यायचा? याचं सगळ्यांना पटेल असं उत्तर शेजारच्या कॅनडात मिळालं. १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑन्टारियोमधल्या ‘लेक २२६’ या छोट्या तळ्याच्या मधोमध प्लॅस्टिकचा पडदा टाकला. एका बाजूला कार्बन आणि नायट्रोजन घातलं. दुसऱ्या बाजूला तेच, अधिक फॉस्फरस. थोड्याच दिवसांत फॉस्फरसवाली बाजू हिरवीगार झाली आणि दुसरी बाजू स्वच्छ राहिली. विमानातून काढलेला तो फोटो पाहिल्यावर वाद घालायला फारसं काही उरलं नाही.

कारणही सोपं आहे. गोड्या पाण्यात फॉस्फरस अगदी थोडा असतो, म्हणून शेवाळाची वाढ त्याच्यापाशी अडते. नायट्रोजन कमी पडला तर यांतल्या काही जाती तो हवेतून मिळवतात. फॉस्फरसला अशी पळवाट नाही. तो बाहेरून आला की कुलूप उघडलं. एक किलो फॉस्फरसवर शेकडो किलो शेवाळ उगवू शकतं.

आता मेंडोटाच्या उत्तरेला चला. गाडीने वीस-पंचवीस मिनिटांत मक्याची आणि लसूणघासाची शेतं लागतात, चारा साठवायच्या उंच टाक्या आणि लांबलचक गोठे दिसतात. मेंडोटात जे पाणी येतं, ते सुमारे ६०० चौरस किलोमीटरच्या पाणलोटातून येतं आणि त्यातली बरीच जमीन शेतीची आहे. एक दुभती होल्स्टीन गाय दिवसाला शेण आणि मूत्र मिळून ५० किलोहून जास्त घाण करते. हजार गायींचा गोठा असेल तर रोजचे ५० टन. ते मोठ्या हौदांत साठवतात आणि शेतात पसरतात. शेणात फॉस्फरस असतो. तो वैरणीतून, पेंडीतून आणि खनिज मिश्रणातून गायीच्या पोटात गेलेला असतो.

यात चूक कुठे? शेण शेतात घालणं तर चांगलंच. अडचण प्रमाणाची आहे. मक्याला नायट्रोजन जास्त लागतो, फॉस्फरस त्या मानाने कमी. शेणात मात्र फॉस्फरसचं प्रमाण पिकाच्या गरजेपेक्षा जास्त पडतं. नायट्रोजनच्या हिशोबाने शेण घातलं की फॉस्फरस उरतो. तो मातीला चिकटून बसतो आणि वर्षानुवर्षं साठत जातो. शिवाय पशुखाद्य आणि खतं यांच्यामधून या पाणलोटात जेवढा फॉस्फरस येतो, तेवढा दूध, चीज आणि धान्यातून बाहेर जात नाही. जमाखर्चात शिल्लक राहते आणि ती शिल्लक मातीत असते.

मग पाऊस येतो. माती वाहते, तिच्याबरोबर फॉस्फरस वाहतो. त्याहून वाईट दिवस म्हणजे हिवाळ्याचा शेवट. इथे हिवाळ्यात जमीन दगडासारखी गोठते. तिच्यावर पसरलेलं शेण आत मुरत नाही, नुसतं वर पडून राहतं. मार्चमध्ये बर्फ वितळला आणि वर पाऊस पडला, की ते सगळं थेट ओढ्यात. मेंडोटाच्या अभ्यासात असं दिसलं, की वर्षभरात येणाऱ्या फॉस्फरसपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश जेमतेम महिनाभराच्या दिवसांत येतो. म्हणजे वादळी पावसाचे आणि बर्फ वितळण्याचे मोजके दिवस. मार्चमध्ये वाहून आलेलं शेण ऑगस्टमध्ये हिरवं होऊन दिसतं, म्हणून दोघांचा संबंध चटकन लक्षात येत नाही.

सांडपाणी थांबलं, हिरवं थांबलं नाही

मेंडोटाला जगातलं सगळ्यात जास्त अभ्यासलेलं तळं म्हणतात, ते उगाच नाही. एडवर्ड बर्ज आणि चॅन्सी जुडे या दोघांनी इथेच अमेरिकेतल्या सरोवरशास्त्राचा पाया घातला. तळं कधी गोठलं, कधी सुटलं याच्या नोंदी १८५०च्या दशकापासून आहेत. त्या नोंदींवरून कळतं, की पूर्वी साधारण चार महिने टिकणारा बर्फ आता जेमतेम तीन महिने टिकतो. शेवाळाच्या थराचं शास्त्रीय वर्णनही १८८०च्या दशकातलं आहे.

शहर वाढलं तसं सांडपाणी तळ्यांत जाऊ लागलं. लोकांनी तक्रारी केल्या, लढे दिले. शेवटी १९५८ मध्ये शहराचं शुद्ध केलेलं सांडपाणी तळ्यांना वळसा घालून खाली दुसऱ्या ओढ्यात सोडण्यात आलं. १९७१ मध्ये मेंडोटाच्या वरच्या अंगाच्या गावांचं सांडपाणीही वळवलं. आता तळं स्वच्छ होईल अशी आशा होती. खालच्या तळ्यांना फायदा झाला, पण मेंडोटाचं हिरवेपण गेलं नाही. शेतातून येणाऱ्या पाण्याला नळ नसतो, त्यामुळे ते कुठे बंद करायचं हेच कळत नाही.

इतर उपायही झाले. १९८७ पासून तळ्यात मोठे शिकारी मासे सोडले. ते छोटे मासे खातात, छोटे मासे कमी झाले की डॅफ्निया नावाचे बारीक पाणपिसू वाढतात आणि पाणपिसू शेवाळ खातात. पाणी खरंच नितळ झालं. पण २००९ मध्ये तळ्यात काटेरी शेपटीचा एक परका पाणपिसू आढळला. तो डॅफ्नियाच खातो. पाण्याचा नितळपणा जवळजवळ मीटरभराने घटला. निसर्गाने दिलेली मदत अशी हातातून गेली आणि पुन्हा सगळं येऊन थांबलं फॉस्फरसपाशीच.

काठावरच्या घरांवरही बंधनं आली. लॉनसाठी फॉस्फरसचं खत वापरायला या काउंटीने २००५ पासून बंदी घातली, पुढे राज्यानेही तसाच कायदा केला. वीसएक किलोमीटरच्या परिसरातल्या काही ओढ्यांच्या तळाशी शंभर-सव्वाशे वर्षांचा गाळ साचलाय. तो मोठ्या पंपांनी उपसायची मोहीमही काउंटीने काही वर्षांपूर्वी हाती घेतली. पणजोबांच्या काळातलं शेण पणतू उपसतोय!

मग दोषी कोण?

आइस्क्रीम खात बसलेल्या माणसाला ‘शेतकऱ्याचीच चूक’ म्हणणं सोपं आहे. पण जरा आकडे पाहा. २००४ च्या सुमारास विस्कॉन्सिनमध्ये १५ हजारांहून जास्त डेअरी फार्म होते. २०२४ मध्ये ते ६ हजारांहून कमी राहिले. गायींची एकूण संख्या मात्र जवळपास तेवढीच आहे. याचा अर्थ, ५०-६० गायींचे घरगुती गोठे बंद पडले आणि त्या गायी मोठ्या गोठ्यांत गेल्या. दुधाचा भाव खाली आला की छोट्याला परवडत नाही, मोठ्याला कसंबसं परवडतं.

गायी एका जागी जमल्या की शेणही एका जागी जमतं. पातळ शेण म्हणजे बहुतेक पाणीच. ते टँकरमध्ये भरून दूरच्या शेतात नेणं महाग पडतं, म्हणून जवळच्याच शेतात पुन्हा पुन्हा पडतं. जिथे गरज आहे तिथे पोहोचत नाही आणि जिथे गरज नाही तिथे साठतं. होर्ड यांच्या काळात ज्या शेणाने थकलेली जमीन सावरली, तेच शेण आज जास्त झाल्यामुळे तळं बिघडवतंय. शेण वाईट झालेलं नाही. गाय आणि शेत यांचा हिशोब तुटला आहे.

तो जुळवायचे प्रयत्नही इथेच पाहायला मिळतात. मॅडिसनच्या उत्तरेला वॉनाकी गावाजवळ शेजारच्या शेतकऱ्यांचं शेण एकत्र करून गॅस आणि वीज बनवणारा सामूहिक प्रकल्प २०१०-११ मध्ये सुरू झाला. आपला गोबरगॅसच, फक्त अवाढव्य. पण एक गैरसमज टाळा. गोबरगॅसमुळे फॉस्फरस नाहीसा होत नाही, तो मागे उरलेल्या स्लरीत तसाच असतो. फायदा असा, की घट्ट भाग वेगळा काढून दूर नेता येतो. यंत्रांनी सगळं सुटतं असंही नाही. २०१३ मध्ये इथलीच पाइपलाइन फुटून लाखो लिटर शेण बाहेर वाहिलं होतं.

मला सगळ्यात पटला तो दुसरा उपाय. इथल्या सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेला फॉस्फरस आणखी कमी करण्याची सक्ती झाली. नवीन यंत्रं बसवायला प्रचंड खर्च आला असता. त्याऐवजी तिने आसपासच्या गावांना सोबत घेतलं आणि तो पैसा शेतांकडे वळवला. ओढ्याच्या कडेला गवताचा पट्टा ठेवणं, पीक काढल्यावर जमीन उघडी न ठेवता त्यावर राई किंवा गवत पेरणं, नांगरट कमी करणं, शेण वर पसरण्याऐवजी मातीत खोचणं, अशा कामांसाठी शेतकऱ्यांना मदत मिळते. शेतकऱ्यांचे स्वतःचे गटही आहेत, कोणी काय करून पाहिलं ते एकमेकांना दाखवतात. शहरातल्या माणसाने भरलेला पैसा शेतात जातो आणि त्याचा फायदा शहरातल्या तळ्याला होतो. एकमेकांना नावं ठेवण्यापेक्षा हे बरं.

तळं सुधारलं का? थोडं. काही उन्हाळे चांगले जातात, काही वाईट. मुसळधार पावसाचे दिवस वाढले आहेत आणि एक मोठं वादळ कित्येकांची मेहनत एका रात्रीत धुऊन नेतं. मातीत साठलेला फॉस्फरस संपायला कित्येक दशकं लागतील, असं शास्त्रज्ञ सांगतात. आज गवताचा पट्टा पेरणाऱ्या शेतकऱ्याला नितळ पाणी पाहायला मिळेलच असं नाही. तरी तो पेरतो.

हे आपल्यापर्यंत कसं येतं?

मॅडिसनला पिण्याचं पाणी खोल विहिरींतून मिळतं, त्यामुळे तळं हिरवं झालं तरी नळ चालू असतात. सगळ्यांचं नशीब असं नसतं. ऑगस्ट २०१४ मध्ये ओहायोतल्या टोलेडो शहरात लेक एरीच्या पाण्यात हेच विष सापडलं आणि सुमारे ५ लाख लोकांना दोन-तीन दिवस नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. तिथे मुख्य वाटा शेतात घातलेल्या खतांचा होता, शेणाचाही होता. पाणी उकळूनही उपयोग नव्हता. उकळल्याने हे विष जात नाही. उलट पाणी आटतं आणि विष दाट होतं.

भारत १९९८ पासून जगात सगळ्यात जास्त दूध काढणारा देश आहे. आपल्याकडे बहुतेक गोठे दोन-चार जनावरांचे, शेण शेतात जातं, गोवऱ्या होतात, ते फुकट जात नाही. पण शहरातल्या तबेल्यांना शेत नसतं. लुधियानाच्या बुड्ढा नाल्यात तिथल्या डेअऱ्यांचं शेण वर्षानुवर्षं पडत आलं आहे आणि तो नाला सतलजला मिळतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये डेअऱ्या आणि गोशाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या अशाच तक्रारींनंतर. कोल्हापूरच्या रंकाळ्यानेही हिरव्या पाण्याचे दिवस पाहिले आहेत. तिथे मोठा दोष सांडपाण्याचा होता, पण पाण्यात घडलं तेच. फॉस्फरस गोठ्यातून आला की गटारातून, शेवाळाला फरक पडत नाही.

जाणार असाल तर

• मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये शहर सगळ्यात रंगात असतं, पण पाणी हिरवं असण्याची शक्यताही तेव्हाच जास्त.

• पिकनिक पॉइंटची पायवाट चुकवू नका. तळ्यात शिरलेल्या लांब निमुळत्या जमिनीवरून टोकापर्यंत चालत जाता येतं. आजी-आजोबांनाही जमेल अशी सपाट वाट आहे.

• उत्तर काठावर गव्हर्नर नेल्सन स्टेट पार्क आहे. ज्यांच्या पुढाकाराने १९७० मध्ये पहिला वसुंधरा दिन साजरा झाला, त्या गेलॉर्ड नेल्सन यांच्या नावाचं. पलीकडे विधानभवनाचा घुमट दिसतो.

• हिवाळ्यात गेलात तर गोठलेल्या तळ्यावर माणसं चालताना आणि बर्फाला भोक पाडून मासे धरताना दिसतील. स्थानिक लोक उतरल्याशिवाय आणि बर्फ पक्का आहे याची खात्री केल्याशिवाय स्वतः उतरू नका.

• कुठल्याही तळ्यावर, तिकडे किंवा इकडे, पाणी हिरव्या रंगासारखं दिसलं तर एक लांब काडी घेऊन पाहा. हिरवे धागे काडीला लोंबकळत वर आले तर बहुधा साधं शेवाळ. काडी रंगात बुडवल्यासारखी नुसती माखली तर निळं-हिरवं शेवाळ असू शकतं. शंका असेल तर मुलांना आणि कुत्र्याला पाण्यापासून लांब ठेवा. हात-पाय भिजले असतील तर स्वच्छ पाण्याने धुवा. अशा पाण्यातला मासा खाऊ नका.

आणि आईस्क्रीम? ते जरूर खा. दूध सोडून तळं वाचत नाही. पण शनिवारच्या बाजारात चीज घेताना विक्रेत्याला विचारा, तुमच्या गायींचं शेण कुठे जातं? तिथे विकणारा स्वतः शेतकरीच असतो, त्यामुळे उत्तर त्याच्याकडे नक्की असेल. घरी आल्यावर आपल्या दूधवाल्यालाही हाच प्रश्न विचारून पाहा. दूध किती फॅटचं आहे हे आपण रोज विचारतो. शेणाचं आजवर कोणी विचारलेलं नसेल.